आठवणीच्या वाटा

जुन्नरचे वैभव घाटवाटेने आले. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल कोकणातून नाणेघाट चढून देशावर येई, आणि घाटमाथा ओलांडल्यावर पहिली मोठी पेठ लागे ती जुन्नरची. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत गणले जातात. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण अजून घाटाच्या तोंडाशी आहे. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली, आणि त्यांतल्या काही लेखांत दान देणारे स्वतःला यवन म्हणवतात. एवढी माणसे, एवढा पैसा इथे आला तो त्या एका चढणीमुळे. घाट बंद पडला असता, तर पेठेच्या भिंती जागेवर राहिल्या असत्या. पेठ मात्र उरली नसती.

माणसाच्या आठवणीचेही असेच आहे. हे कळायला शरीरशास्त्राला जवळजवळ चारशे वर्षे लागली. त्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात पार पडला, आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नाही.

पेठ सापडली, वाटा दिसेनात

मेंदूचा जो भाग कानशिलाच्या आत येतो, त्याला टेंपोरल लोब म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला, मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या एका पोकळीच्या तळाशी, चार-साडेचार सेंटिमीटर लांबीचा वळलेला उंचवटा असतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. इटलीतल्या बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ ज्युलिओ चेझारे अरांझी याने सोळाव्या शतकात त्याचे वर्णन केले. त्याला त्यात समुद्रघोड्याचा आकार दिसला, म्हणून त्याने त्याला हिप्पोकॅम्पस म्हटले. १५८७ साली ते वर्णन व्हेनिसमध्ये छापून आले. हा भाग काय काम करतो, हे अरांझीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढची तीनशे वर्षे कोणालाही ते नीट उमगले नाही.

अडचण पांढऱ्या भागाची होती. मेंदू कापला की दोन रंग दिसतात. चेतापेशींची दाटी जिथे असते तो भाग करडा दिसतो. त्या पेशींपासून निघालेले लांब तंतू मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणात गुंडाळलेले असतात, त्यामुळे त्यांचे जुडगे पांढरे दिसतात. पेशी बोलतात त्या या तंतूंमधून. पण मृत्यूनंतर मेंदू इतका मऊ पडतो की लाखो तंतू एकमेकांत मिसळून एकच पांढरा गोळा हाती येतो. सुरीने काप घेतला तर तंतू तुटतो, आणि तो कुठून आला नि कुठे गेला हा प्रश्न तसाच राहतो.

१६६५ साली पॅरिसमध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने एका व्याख्यानात ही अडचण स्पष्ट मांडली. मेंदूबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, अशी कबुली देऊनच त्याने सुरुवात केली. पांढऱ्या भागाचा अभ्यास करायचा तर एकेक तंतू धरून तो जिथे नेईल तिथपर्यंत जावे, याहून चांगला मार्ग नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते किती कठीण आहे, हेही त्याने सांगितले. वाट चालून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे त्याला पुरेपूर उमजले होते. चालायची रीत मात्र त्याच्यापाशी नव्हती.

काळा रंग, बाण आणि एक वर्तुळ

एकोणिसाव्या शतकात दोन बाजूंनी प्रगती झाली. पॉल ब्रोका याने १८७८ मध्ये दाखवले की सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या जाड पांढऱ्या पट्ट्याभोवती, कडेकडेने जाणारी एक अखंड वळी असते. हिप्पोकॅम्पस या कड्याचाच भाग. त्याआधी पाच वर्षे, १८७३ मध्ये, कामिल्लो गोल्जी याला चांदीच्या क्षारांची एक प्रक्रिया सापडली होती. तिच्यामुळे हजारो पेशींतली एखादीच, पण तिच्या सगळ्या फांद्यांसह, काळी होऊन दिसे. गोल्जीने हिप्पोकॅम्पसची अप्रतिम चित्रे काढली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने तीच प्रक्रिया वापरली आणि चित्रांत बाण घातले. संदेश कोणत्या पेशीकडून कोणत्या पेशीकडे जातो, हे त्या बाणांनी प्रथमच सांगितले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. मेंदूची रचना कशी असते यावर मात्र त्यांचे अखेरपर्यंत पटले नाही.

काहालच्या बाणांमुळे आतली वाहतूक कळली. हिप्पोकॅम्पसच्या शेजारी एन्टोरायनल कॉर्टेक्स हा करड्या भागाचा एक तुकडा असतो. डोळे, कान, स्पर्श, नाक यांच्याकडची माहिती मेंदूत ठिकठिकाणी तयार होते आणि तिचा मोठा हिस्सा इथे गोळा होतो. इथून निघणारे तंतू मधल्या थराला भोके पाडत आत शिरतात. त्यांना परफोरंट पाथवे म्हणतात. हिप्पोकॅम्पसची आत येण्याची मुख्य वाट ती हीच.

बाहेर जाण्याची वाट दुसरी आहे. हिप्पोकॅम्पसच्या पृष्ठभागावर अल्व्हियस हा पांढरा पातळ थर असतो. त्याचे तंतू एका कडेला गोळा होऊन फिंब्रिया ही पट्टी बनते. ती मागे जाते, वर वळते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मध्यरेषेशी जवळ येतात आणि मग कमानीसारख्या पुढे येऊन खाली उतरतात. या कमानीला फॉर्निक्स म्हणतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी बॉडी या दोन लहान गोळ्यांपाशी पोचते.

तिथून पुढे काय, याचे उत्तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये दिले. मॅमिलरी बॉडीतून थॅलॅमसच्या पुढच्या टोकाकडे, तिथून मेंदूच्या आतल्या पृष्ठावरच्या सिंग्युलेट वळीकडे, आणि त्या वळीतल्या सिंग्युलम या लांब जुडग्यातून पुन्हा हिप्पोकॅम्पसकडे, असे पूर्ण वर्तुळ त्यांनी मांडले. भावना या वर्तुळात आकार घेतात, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या पुराव्यांपैकी एक आपल्या खेड्यापाड्यांना चांगला परिचयाचा आहे: रेबीज. या रोगात माणूस भीतीने आणि संतापाने पछाडल्यासारखा होतो, आणि विषाणूच्या खुणा हिप्पोकॅम्पसमध्ये ठळक सापडतात. कुत्रा पिसाळलेला होता की नाही हे ठरवायला प्रयोगशाळांत कित्येक दशके त्याचा हिप्पोकॅम्पस तपासत, तो याच खुणांसाठी. पुढे असे दिसून आले की हे वर्तुळ भावनांपेक्षा आठवणीसाठी अधिक मोलाचे आहे. पेपेझ यांनी काढलेली वाट मात्र बरोबर होती.

बर्फाने उकललेले तंतू

स्टेनोच्या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मिळाले. तिथल्या शरीररचनाशास्त्र संस्थेत योसेफ क्लिंगलर हे विद्यार्थ्यांसाठी शरीराचे नमुने तयार करण्याचे काम करत. १९३५ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. फॉर्मालिनमध्ये मुरवलेला मेंदू त्यांनी कित्येक दिवस गोठवून ठेवला. तंतूंच्या मधे शिरलेल्या पाण्याचे बर्फ झाले, बर्फ फुगले आणि त्याने तंतू एकमेकांपासून हळूच अलग केले. मग बर्फ वितळवून लाकडी पात्यांनी एकेक थर सोलत गेले की जुडगे अखंड दिसू लागले. १९४८ मध्ये क्लिंगलर यांनी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९५६ मध्ये लुडविग यांच्यासोबत त्यांनी काढलेला मेंदूचा अॅटलस आजही मेंदूच्या शल्यचिकित्सकांच्या टेबलावर असतो.

हार्टफर्डचा रुग्ण

वाटा कागदावर आल्या, पण त्यांचे मोल किती हे एका माणसाच्या आयुष्यातून जगाला कळले. हेन्री मोलायसन या अमेरिकी तरुणाला अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, अतिशय जोरदार झटके येत. १९५३ मध्ये हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेंपोरल लोबांचा आतला भाग काढला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. नुकतीच भेटलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली, की ती त्याला अनोळखी वाटे.

ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची तपासणी केली आणि १९५७ मध्ये स्कोव्हिल यांच्यासह निष्कर्ष छापला. पुढेही त्या त्याला वर्षानुवर्षे तपासत राहिल्या. हेन्रीची बुद्धी शाबूत होती. बालपणीच्या पुष्कळ आठवणी शाबूत होत्या. आरशात बघून चांदणी गिरवायचे कसबही तो रोज थोडे थोडे शिकत गेला, मात्र आपण हे काल केले होते, हे त्याला कधी आठवले नाही. नव्या घटनांची आठवण घडण्यासाठी हा भाग लागतोच, हे यातून सिद्ध झाले.

हेन्री २००८ मध्ये ८२ व्या वर्षी वारला आणि त्याचा मेंदू अभ्यासासाठी दिला गेला. याकोपो आनेझे यांनी सॅन डिएगो इथे त्याचे २,४०१ पातळ काप घेतले. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. त्याच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा हिस्सा बऱ्यापैकी शिल्लक होता. पण शेजारचा एन्टोरायनल कॉर्टेक्स जवळजवळ सगळा गेला होता. आत येणारी वाटच उरली नव्हती. पेठ अर्धी उभी होती आणि घाट तुटला होता.

अल्झायमरच्या आजारातही नेमके हेच घडते. १९८४ मध्ये हायमन, व्हान होझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या आजारात हिप्पोकॅम्पसकडे नेणाऱ्या आणि तिथून बाहेर काढणाऱ्या पेशी आधी मरतात आणि हिप्पोकॅम्पस एकटा पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न मात्र लख्ख आठवते, याचे एक मोठे कारण या तुटलेल्या वाटेत आहे. दारूच्या दीर्घ व्यसनात आणि उपासमारीत बी-१ जीवनसत्त्व संपले की मॅमिलरी बॉडी खराब होतात. तिथेही आठवण जाते, आणि हिप्पोकॅम्पस मात्र पुष्कळदा बराचसा शाबूत असतो.

जागेचा नकाशा

हिप्पोकॅम्पसचे दुसरे काम जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या माणसाने वेगळ्या रूपात पाहिले आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, की उंदीर एका विशिष्ट जागी आला तरच त्या जाग्या होत. २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये अंतर मोजणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले. हिप्पोकॅम्पस आणि फॉर्निक्स सर्व सस्तन प्राण्यांत असतात, बिबट्यातही.

२००१ नंतर जुन्नर वनविभागात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेले गेले होते. मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीतून काढलेला, रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. जनावराला उचलून नेता येते. त्याच्या डोक्यातला मुलूख मागे ठेवून नेता येत नाही.

परळची प्रयोगशाळा

शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. देणगीदारांची अट होती की इथे भारतीय शिक्षकच नेमावेत. वसाहतीच्या काळात ही अट म्हणजे स्वाभिमानाची घोषणा होती. होमी दस्तूर यांनी तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. पुढे सुनील पंड्या आणि अतुल गोयल यांनी तो वाढवला.

याच विभागात अभिधा शाह, सुखदीप सिंग झवर आणि अतुल गोयल यांनी क्लिंगलर यांच्या पद्धतीने दहा मानवी मेंदूंवर काम केले आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. पेपेझ यांचे वर्तुळ ७५ वर्षे पुस्तकांत रेषांनी काढले जात होते. या तिघांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते आधी मेंदूतच तंतू तंतू करून उघडे केले. मग त्याचे सगळे घटक बाहेर काढून टेबलावर पुन्हा पूर्ण वर्तुळ जोडले. त्याची मोजमापेही घेतली. फॉर्निक्सची सरासरी लांबी ७१ मिलिमीटर. मॅमिलरी बॉडीतून थॅलॅमसकडे जाणारा जुडगा १८ मिलिमीटर लांब आणि पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास रुंद. सिंग्युलम १९.६ सेंटिमीटर. संपूर्ण वर्तुळ सरासरी ३५० मिलिमीटर. तीस सेंटिमीटरच्या पट्टीहून किंचित लांब अशा या वाटेवर माणसाच्या ‘मी’पणाचा बराच भार आहे.

या मोजमापांची गरज शल्यचिकित्सकाला पदोपदी लागते. अपस्माराच्या पुष्कळ रुग्णांत झटक्याचे मूळ आक्रसलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये असते. औषधांनी झटके थांबत नसतील तर तो एका बाजूचा भाग काढता येतो. कॅनडातल्या एका अभ्यासात ८० रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया ठरवली गेली, निम्म्यांना औषधेच दिली. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. हे निष्कर्ष २००१ मध्ये छापले गेले. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही शस्त्रक्रिया नियमित होते.

पण हिप्पोकॅम्पसपर्यंत जायचे तर पांढऱ्या भागातूनच जावे लागते. डोळ्यांकडून मागे जाणारे काही तंतू टेंपोरल लोबात पुढे येऊन वळसा घालतात. त्याला मेयरचा वळसा म्हणतात. तो कापला गेला तर विरुद्ध बाजूच्या दृश्याचा वरचा कोपरा कायमचा जातो. जवळच अनसिनेट हा आकड्यासारखा जुडगा कपाळाकडच्या भागाला जोडलेला असतो. फॉर्निक्सला धक्का बसला तर आठवण जाते. कोणता तंतू किती खोल आहे, हे हाताने सोलून पाहिलेला सर्जन जितके जाणतो, तितके पडद्यावरचे रंगीत चित्र त्याला शिकवत नाही. एमआरआयवर तंतूंचे मार्ग रेखाटणारी आजची तंत्रे उपयुक्त आहेत, आणि ती बरोबर रेखाटतात की नाही हे ताडून पाहायलाही शेवटी उकललेला मेंदूच लागतो.

देणाऱ्यांचा इतिहास

या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे आहेत. ज्यांच्या मेंदूंवर हे ज्ञान उभे राहिले त्यांची नावे, हेन्रीसारखे अपवाद सोडले, तर कुठेच नाहीत. आपल्याकडे शवविच्छेदनाला मोठा सामाजिक विरोध होता. १८३६ मध्ये कोलकात्यात मधुसूदन गुप्त यांनी तो मोडला. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि मराठी मुले विच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहिली. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. म्हणजे कित्येक वर्षे आपल्या डॉक्टरांना शिकवले ते ज्यांना कोणी न्यायला आले नाही अशा गरिबांनी. त्यांचे ऋण अजून फिटलेले नाही, आणि पुढचा भार पुन्हा त्यांच्यावरच टाकणे न्यायाचे नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात कोणाला झटके येत असतील तर कांदा किंवा चप्पल हुंगवत, देवऋषाकडे फेऱ्या मारत वर्षे घालवू नका. हा मेंदूचा आजार आहे. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, आणि काहींसाठी शस्त्रक्रिया आहे. दुसरी गोष्ट देहदानाची. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरा, आणि घरच्यांना आताच स्पष्ट सांगून ठेवा, कारण त्या वेळी निर्णय त्यांनाच पार पाडायचा असतो.